डाल्यातले चोरकप्पे

पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, जागा भरपूर असते आणि तरी ती पुरत नाही. कापडाचं गाठोडं गोल आणि डाला चौकोनी. दोन गाठोड्यांच्या मधे, गाठोडं आणि बाजूच्या फाळक्याच्या मधे, चारही कोपऱ्यांत नुसती हवा भरलेली असते. ती हवा आम्ही नवरा-बायको मूल गावाहून नदीपलीकडच्या बाजारांत वर्षानुवर्षं डिझेल जाळून नेत होतो आणि परत आणत होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. पण मी इतका थकलेला होतो की आलं नाही.

आमचा धंदा आठवडी बाजारातला. चादरी, दुपट्टे, लुंग्या, मच्छरदाण्या आणि बंड्या. आज चामोर्शीकडे, उद्या धानोऱ्याच्या बाजूला, परवा आणखी कुठल्या जंगलातल्या गावी. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि तिथले बाजार आम्हाला मानवतात. गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं आणि एकदा बसलं की घरातल्या सगळ्यांसाठी घेऊन उठतं. रस्त्यांचं मात्र विचारू नका. खनिजाच्या ट्रकांनी ते आधी उखडले आणि उरलेले पावसाने नेले.

पहाटे गाठोडी घरातून उचलून डाल्यात टाकायची. बाजारात पोचलं की ती खाली उतरवायची, बांबू रोवायचे, ताडपत्री ताणायची, फळ्या मांडून त्यांवर माल लावायचा. संध्याकाळी हेच सगळं उलट. घरी आलं की पुन्हा सगळं आत, कारण कापड रात्रभर डाल्यात ठेवलं तर उंदीर लागतात, आणि उंदरांनी सोडलं तर माणसं सोडत नाहीत. शिवाय धान निघायच्या दिवसांत सकाळी राइस मिलचं एखादं भाडं मिळतं, त्यासाठी डाला रिकामा लागतो. म्हणजे न खपलेली चादर एका दिवसात चारदा उचलायची. खपलेली चादर गिऱ्हाईक स्वतः उचलून न्यायचं, आणि मला पैशापेक्षा त्याचाच आनंद जास्त व्हायचा.

विकायचं काम बायकोचं. मला विकता येत नाही. एखाद्याने तिसऱ्यांदा भाव विचारला की माझं डोकं फिरतं आणि मी कापडाची घडी घालून ठेवून देतो. ती मात्र त्या माणसाला बसवते, त्याच्या बैलांची चौकशी करते, लेकीच्या सासरची करते आणि बोलता बोलता चादर त्याच्या मांडीवर ठेवून देते. तिची खरी कमाल बंड्यांत. बंडी हा इकडच्या वयस्क माणसांचा अर्धा पोशाख आहे. शिंप्याकडून बंड्या आल्या की प्रत्येकीच्या आतल्या अंगाला, डाव्या बगलेखाली, ती हाताने एक खिसा शिवते. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. त्याला आम्ही चोरखिसा म्हणतो, सगळेच म्हणतात. खिसा चोराचा नसतो, चोरापासून वाचवायचा असतो. भर बाजारात ती ओरडायची, चोरखिशाची बंडी घ्या. मग एखादा बाबा पुढे यायचा, बंडीत हात घालून चाचपायचा, आणि खिसा सापडला नाही की खूश होऊन तीच बंडी घ्यायचा.

मग तिच्या कंबरेची गादी सरकली. तेही मच्छरदाण्यांचं गाठोडं उचलताना, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात हलका माल. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं, वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही आणि गाडीत बसून धक्के तर अजिबात खायचे नाहीत. तिने विचारलं, झोपून गेलं तर चालेल का. डॉक्टर हसले आणि म्हणाले, झोपायला कुठे कोणाची मनाई आहे. ते गंमतीत बोलले होते. तिने ते पदराला गाठ मारून घरी आणलं.

त्यानंतर काही बाजार मी एकट्याने केले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की जितकी गाठोडी नेली जवळजवळ तितकीच परत आली. एका बाईने विचारलं, तुमची बाई कुठी गेली, आणि मी घरी आहे म्हटल्यावर ती काही न घेता पुढे निघून गेली. घरी आलो की बायको पलंगावरून एकेकाची चौकशी करायची. तो पांढऱ्या मिशीचा बाबा आला होता का, त्या मास्तरीणबाईंनी मच्छरदाणी नेली का. मला कोणाचाच चेहरा आठवायचा नाही. मी चिडायचो, ती भिंतीकडे तोंड करायची आणि आमचा दिवस संपायचा.

एकदा जेवताना ती म्हणाली, "मले घरी बसवू नका जी. मी बसली त बसलीच."

मला तिचं म्हणणं कळलं. तिच्या मोठ्या बहिणीचा पाय मोडला तेव्हा घरच्यांनी मायेने सांगितलं होतं, आता आराम करा. तेव्हापासून ती बाई ओसरीवरच्या खाटेला जी टेकली ती टेकलीच. कोणी आलं की लोक तिच्याविषयी तिच्यासमोरच बोलतात, आता खातात का, आता झोपतात का. माझ्या बायकोला कंबरेच्या दुखण्याची भीती नव्हती. भीती त्या खाटेची होती.

मलाही ती बाजारात हवी होती, आणि माझं कारण काही फार थोर नव्हतं. तिच्यावाचून माल खपत नव्हता, आणि तिच्यावाचून त्या रस्त्यावर गाडी हाकणं मला नको झालं होतं. पण पुढच्या सीटवर तिला बसवत नव्हतं आणि डाल्यात गाठोड्यांनी झोपायला जागा ठेवली नव्हती. एका दुपारी गाडी अंगणात रिकामी उभी होती. मी डाल्यात आडवा झालो, वर ताडपत्रीच्या कमानी, मधे सगळी मोकळी हवा. तेव्हा मला ते गोल आणि चौकोनाचं सुचलं. गाठोडी बांधायचीच नाहीत. डाल्याच्या तळाला खण करायचे, कापड घडी घालून त्यात बसवायचं, म्हणजे पोकळी राहत नाही. वर फळी टाकली की सपाट जागा. त्या जागेवर तिची गादी.

बल्लारपुरात रेल्वे फाटकाच्या पलीकडे एका चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी सुतळीने मापं घेऊन गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दुकान बनवायचं आहे की पलंग. मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, मग दोन्ही नीट होणार नाहीत. असं म्हणून त्यांनी अँगल कापायला घेतले. लाकूड कोणतं घ्यायचं यावर आमचं थोडं वाजलं. त्यांना सागवान हवं होतं, मला नको होतं. आमच्याकडे गाडीत सागाची नवी फळी दिसली की जंगलवाले थांबवून तिचा जन्माचा दाखला मागतात. शेवटी घरातल्या जुन्या दिवाणाच्या फळ्या आणि प्लाय यांवर निभावलं.

डाव्या बाजूला तीन खण, उजव्या बाजूला तीन. बाजूचा फाळका खाली पाडला की खण बाहेर ओढायचे. बांबूंसाठी डाल्याच्या पोटाखाली, चेसिसच्या लगत, एक लांब प्लास्टिकचा पाइप बांधला. ती जागाही इतकी वर्षं फक्त चिखल खात होती.

पहिल्या फेरीत सगळं बिघडलं. खणांखालच्या लोखंडी पट्ट्यांत धूळ बसली आणि धानोऱ्यात पोचल्यावर डाव्या बाजूचे खण उघडेचनात. उजव्या बाजूचे त्याच्या उलट. सावली गावाजवळ एका गतिरोधकावर फाळक्याची कडी निघाली, मधला खण आपणहून बाहेर आला आणि लुंग्या रस्त्यावर पडत गेल्या. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने त्या गोळा करून आणून दिल्या आणि सेल लागला आहे का असं विचारलं. मी पुन्हा चाचांकडे गेलो. त्यांनी लोखंडी पट्ट्या काढून लाकडी बसवल्या आणि त्यांवर मेणबत्ती घासायला सांगितलं. तेव्हापासून दर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी खणांखाली मेणबत्ती घासतो. या वयात हे एक काम वाढलं.

दुसरी अडचण बाजारातली. खणांना मुठी होत्या, आणि मूठ दिसली की माणूस ओढतो. मी इकडे ताडपत्री बांधत असलो की तिकडून कोणी तरी बंड्यांचा खण उपसून बसलेला असायचा. म्हणून चाचांनी मुठी काढून टाकल्या आणि कडी आतून बसवली. वरच्या फळीच्या कडेखाली बोट घालून एक तार ओढायची, मग खण सुटतो. बाहेरून पाहिलं तर नुसती सपाट पाटी. बायकोला अंगणात दाखवलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारून आली, दोनदा तार शोधली, तिला सापडली नाही.

"हे त आपल्या बंडीवानीच झालं," ती म्हणाली. "चोरकप्पे."

तेच नाव पडलं. कोणत्या चोरकप्प्यात दुपट्टे आहेत, कोणत्या चोरकप्प्यात लहान चादरी, असं आम्ही बोलू लागलो, आणि त्या शब्दात काही वावगं आहे हे आमच्या स्वप्नातही आलं नाही.

डाल्यात माणूस न्यायचा नसतो हा नियम मला ठाऊक आहे. आमच्याकडे लग्नाची अख्खी वरात डाल्यातून जाते हेही ठाऊक आहे. मी केबिनची मागची काच काढून टाकली, म्हणजे तिचं बोलणं मला ऐकू येईल. पत्र्यावर एक थाप मारली की हळू, दोन मारल्या की थांबा, असं तिने ठरवून टाकलं. ताडपत्रीची मागची बाजू ती गुंडाळून वर बांधायला लावायची. तिथून तिला झाडांचे फक्त शेंडे दिसायचे आणि त्यांवरून ती सांगायची, व्याहाड आलं, आता पूल येईल. बहुतेकदा बरोबर असायचं.

ते दिवस बरे गेले. माल आता रात्रीही बंद खणांतच राहायचा, मिलचं भाडं तेवढं सोडलं, आणि माझ्या खांद्यांना प्रथमच कळलं की संध्याकाळ म्हणजे काय. बाजारात पोचलं की फाळके पाडायचे, खण ओढायचे, दुकान तयार. ती वरच्या फळीच्या काठावर उशी घेऊन टेकायची, गिऱ्हाइकांपेक्षा हातभर उंच. मी म्हणायचो, शेठाणी, चहा आणू का. ती म्हणायची, आणा, आणि पैसे तुमच्या खिशातून द्या. कंबर दुखली की सरळ मागे आडवी व्हायची आणि झोपल्या झोपल्या भाव सांगायची. कोणाला त्यात काही वाटलं नाही. बाजारात माणूस बसून विकतो, उभ्याने विकतो, तशी ही झोपून विकते, एवढंच.

पुलापलीकडे कधी कधी तपासणी नाका लागतो. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरातही मधली काही वर्षं होती, मग उठली. त्यामुळे नदीच्या या काठाला दुकानात मिळते ती बाटली त्या काठाला गुन्हा ठरते, आणि माणसं ती दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या क्रेटमधून, गादीत शिवून पलीकडे नेतात. आम्हाला तिथे सगळे ओळखायचे. कपडेवाले आले, जाऊ द्या, असं व्हायचं.

त्या सकाळी नाक्यावर नवा माणूस होता. तरुण, बोलण्यावरून आमच्या भागातला नव्हे. रात्रभर उभा असावा, डोळे लाल झाले होते. त्याने मागे जाऊन आत पाहिलं आणि मावशींना काय झालं म्हणून विचारलं. मी केबिनमधून उतरत म्हटलं, कंबर. त्याने हातातल्या काठीने फळीवर सहज ठोकलं. आवाज पोकळ आला.

"खाली काय आहे?" त्याने विचारलं.

मी कपडे म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आलाही होता. पण समोरच्या माणसाने माल विचारला की उत्तर ती देणार, ही आमची इतक्या वर्षांची सवय. ती पडल्या पडल्या, बाजारात सांगते त्याच कौतुकाने म्हणाली, "खाली चोरकप्पे हायेत साहेब. सारा माल त्याच्यातच हाय."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. चोरकप्पा आणि माल हे दोन शब्द त्या पुलापलीकडे एका दमात बोलू नयेत हे आम्हाला दोघांनाही त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. त्याने मला खण उघडायला सांगितलं. मी फाळका पाडला, फळीच्या कडेखाली बोट घातलं. तार सापडेना. रोज डोळे मिटून सापडणारी तार सापडेना. तो बाजूला उभा राहून माझी धडपड पाहत होता, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच समजलो असतो जे तो समजला.

सगळं बाहेर काढावं लागलं. रस्त्याच्या कडेला ताडपत्री पसरली आणि तिच्यावर चादरी, दुपट्टे, लुंग्या, एकेक घडी उलगडून. बंड्यांची पाळी आली तेव्हा त्याने एका बंडीत हात घातला आणि त्याला खिसा लागला. त्याने दुसरी उचलली, तिच्यातही लागला. यातही का, असं तो म्हणाला, आणि मग प्रत्येक बंडीचा प्रत्येक चोरखिसा उलटा झाला. शिवताना सुटलेल्या दोऱ्याच्या गुंडाळीशिवाय कशात काही नव्हतं.

वरची फळी उचलायची म्हणून तिला उतरायला सांगितलं. मी हात जोडून म्हटलं की साहेब, तिला उठवू नका, फळी तिच्याखालची ठोकून पाहा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "आजारी बाई झोपवून न्यायची युक्ती आता जुनी झाली, काका."

तिने ते ऐकलं. फाळक्याला धरून, माझा हात न घेता ती खाली उतरली आणि मैलाच्या दगडाजवळ कंबरेला हात लावून उभी राहिली. बाजाराची वेळ होती. आमच्या ओळखीच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, भांडेवाले, सुक्या मासळीवाले, चप्पलवाले. प्रत्येक गाडी तिथे हळू व्हायची. एरवी हॉर्न वाजवून हात करणाऱ्या माणसाने त्या दिवशी समोर पाहत गाडी पुढे नेली. मला त्या पोलिसाचा राग आला नाही तितका त्याचा आला.

काही सापडलं नाही. त्या तरुणाने दोन-चार चादरींच्या घड्या घालायला मदत केली, चुकीच्या घातल्या, आणि म्हणाला की खणांना दिसतील अशा मुठी बसवा, नाही तर रोज हेच होईल. तिला त्याने पाण्याची बाटली दिली. तिने घेतली, उघडली नाही. बाजाराची वेळ गेली होती. आम्ही तिथूनच गाडी वळवली.

परतताना ती डाल्यात चढली नाही, माझ्याशेजारी पुढे बसली. मी म्हटलं, मागे झोप. ती नाई म्हणाली. प्रत्येक खड्ड्याला ती श्वास धरायची आणि खड्डा गेला की सोडायची, आणि त्या रस्त्यावर खड्डा संपला असं कधी होतच नाही. घरी पोचेपर्यंत तिचं तोंड पांढरं पडलं होतं. पुढचे दोन बाजार ती तशीच पुढे बसून आली. दुसऱ्या बाजाराच्या संध्याकाळी तिला उतरता येईना. मी तिला उचलून आत नेलं आणि आत नेता नेता भांडलो. एका परक्या माणसाच्या शब्दासाठी कंबर मोडून घेतेस का, तू काय दारू नेत होतीस, मग मनाला कशाला लावून घेतेस, असं बरंच काही बोललो. आमच्या गल्लीला ऐकू गेलं असणार.

ती शांतपणे म्हणाली, "दारूचं नाई लागत मनाले. दारू निघाली नाई, साफ झालं. पण त्याच्यासाठी मी दुकानदार नव्हतीच जी. एक त दारू झाकाची चादर, नाई त आजारी बाई. तिसरं काई नाई."

नंतर ती बाजाराला आलीच नाही.

मी मुठी बसवून घेतल्या. लाल रंगाच्या, लांबून दिसतील अशा. रंगवणाऱ्याकडून प्रत्येक खणावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, चादरी, दुपट्टे, लुंग्या, मच्छरदाण्या, बंड्या, आणि सहाव्यावर पुन्हा चादरी, कारण आणखी काही सुचलं नाही. ते सगळं मी तिला खिडकीतून दाखवलं. तिने छान झालं म्हटलं, जसं शेजाऱ्याच्या गाडीला म्हणावं तसं. मी एकटा जाऊ लागलो. नाक्यावर एकेक मूठ ओढून दाखवायचो आणि पुढे जायचो. वरची फळी मोकळी असायची. परतताना लोक विचारायचे, वर जागा रिकामी आहे, मोहफुलांची दोन पोती टाकू का, भाडं देतो. मी नाही म्हणायचो. गादी तिथेच होती. ती मी काढली नाही, आणि का काढत नाही हे स्वतःला विचारायचं टाळत राहिलो. बायको घरी खाटेवर असायची. शेजारणी यायच्या आणि दारातून मला विचारायच्या, आज कसं आहे त्यांचं. ती आत जागी असायची आणि तिला सगळं ऐकू येत असायचं. ज्याची तिला भीती होती ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं, आणि मला झोप येत होती. दिवसभर एकट्याने दुकान मांडून उचललेल्या माणसाला झोप येते, त्याला इलाज नाही.

एका सकाळी मी चहा पिऊन बाहेर आलो तर ती डाल्यात होती. शेजाऱ्यांच्या ओट्यावरून कशी तरी चढली असावी. उशी डोक्याखाली, पदर तोंडावर. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली की घरी नुसतं छत दिसते, चला आता. मी गाडी चालू केली.

उन्हाचे दिवस होते. धानाची धसकटं शेतात तशीच होती आणि सकाळीच झळ लागत होती. पुलापलीकडे नाका लागलेला होता, पुढे चार-पाच गाड्या. आमची पाळी आली तेव्हा एक पिकल्या केसांचे हवालदार मागे गेले. आमच्याकडचेच असावेत. त्यांनी ताडपत्रीच्या आत डोकावलं, तिला पाहिलं आणि आवाज खाली आणून जोडीदाराला म्हणाले, "आजारी बाई हाय. जाऊ द्या ह्यायले." आणि मला हाताने पुढे जा अशी खूण केली.

मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, फक्त हायसं वाटलं. खण उघडायचे नव्हते, उन्हात उभं राहायचं नव्हतं, बाजारात वेळेवर जागा मिळणार होती. मी गिअर टाकला. तेवढ्यात मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मी थांबलो. काच नसलेल्या खिडकीतून मागे पाहिलं. ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमायला वेळ लागत होता. हवालदार घाईने फाळक्याजवळ आले, काय झालं बाई म्हणून.

"मी आजारी नाई साहेब," ती म्हणाली. "मी दुकानदार आहो. कप्पे पाहून घ्या."

ते म्हणाले, राहू द्या, दिसून राह्यलं ना वर काय लिहिलं ते. ती म्हणाली, नाई जी, पाहाच. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानेही दिला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, घरच्या माणसाने आपल्या माणसाला समजवावं अशा अपेक्षेने. माझं डोकं तापलं होतं. सुटलेली गाडी आपणहून अडवून घेणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्याशी माझं लग्न झालं होतं. मला तिचा फार राग आला, आणि त्या रागातच मला रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला केबिनचं दार उघडायला जड गेलं.

मी खाली उतरलो. फाळके पाडले आणि एकेक मूठ धरून खण ओढू लागलो. ती कोपरावर टेकून वरून सांगत होती, हे दुपट्टे, हे मोठ्या चादरी, या बंड्या, हात घालून पाहा साहेब. हवालदार पुरे पुरे म्हणत होते, आणि मी सहावाही खण उघडला.